हजार कागदांतली ठकी

लोणावळे, १७ मे १९४२, रविवार

सेहेचाळिसाव्या वर्षी दैनंदिनी लिहायला घेणारा मनुष्य एक तर प्रेमात पडलेला असतो किंवा आजारी. मी दोन्ही नाही. मी सिनेमा काढणार आहे.

झालं ते असं. होरमसजी म्हणून एका वृद्ध पारशी गृहस्थांचा खंडाळ्याला बंगला आहे. मुंबईवर जपान्यांचे बाँब पडतील या भीतीनं त्यांची तीन नातवंडं मार्चपासून इथंच येऊन राहिली आहेत, आणि मी शाळेचा ड्रॉइंग मास्तर म्हणून रविवारी त्यांना चित्रकला शिकवायला जातो. पोरं आज फारच कंटाळली होती. म्हणून वहीच्या कोपऱ्यात पानोपान एक मांजर काढलं आणि अंगठ्यानं पानं भराभर सोडली. मांजर उडी मारून कपाटावर बसलं. पोरांनी आरडाओरडा केला. आरामखुर्चीतून होरमसजी स्वतः उठून आले, म्हणाले, "परत कर." तीनदा करवून घेतलं, मग आत जाऊन कातडी पेटीतला कॅमेरा घेऊन आले.

"मास्तर, हा तीन वरस झोपला हाय. रीळ एकच उरला. लढाई चालू हाय तंवर दुसरा मिलनार नाय. तुमी चित्र काढा, मी फोटो घेते. आपण ह्या मांजराचा बाप काढू!"

रीळ चालवलं तर चार मिनिटं चालतं. एका सेकंदाला निदान आठ चित्रं हवीत. चालण्याची चित्रं पुन्हा पुन्हा वापरली तरी हजारेक लागतील.

विषय येताना टांग्यातच सुचला. एका मुलीचं मोठं होणं. रांगणारी, मग चालणारी, मग शाळेत जाणारी. नाव ठकी. लढाई, राजकारण, देवादिक यांतलं काही नाही. कुणाला बोट ठेवायला जागा नको.

२४ मे

पाटीएवढ्या फळीवर दोन खिळे ठोकले. प्रत्येक कागदाला दोन भोकं पाडून तो खिळ्यांत अडकवायचा, म्हणजे चित्र जागचं हलत नाही. फळीत मधोमध खिडकीची काच, खालून उजेड, म्हणजे वरच्या कागदातून मागचं चित्र दिसतं. कागद होरमसजींच्या मुलाचे, तो इंजिनियर आहे. पातळ, पण चिवट.

अक्काला सगळं समजावून सांगितलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे वारल्यापासून ती आणि तिची अरुंधती माझ्याकडेच असतात. अक्का म्हणाली, "सेकंदाला आठ चित्रं काढायची, तर माणसानं जगायचं कधी?"

पहिल्या दिवशी अकरा चित्रं झाली. ठकी सव्वा सेकंद रांगली.

१२ जून

रांगणं जमलं, चालणं जमेना. ठकी चालते तेव्हा पाय ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी दिसते. शेवटी अरुंधतीला पडवीत चालायला लावलं. ती सतरा वर्षांची आहे, मॅट्रिकच्या वर्गात. हसत हसत चालत होती.

"हसू नकोस, त्यानं खांदे हलतात."

"मामा, तुम्ही असे बघता की मला चालायचं कसं तेच आठवेना."

तासाभरानं मला एक गोष्ट उमगली. माणूस चालतो म्हणजे दर पावलाला पुढं पडतो आणि सावरतो. मी ठकीला पडूच देत नव्हतो, म्हणून ती चालत नव्हती. रात्री जेवताना हे सांगितलं तर अक्का म्हणाली, "हे तुला आता कळलं?"

१० ऑगस्ट, सोमवार

काल मुंबईत पुढाऱ्यांना पकडलं. आज शाळेत जेमतेम नऊ मुलं. बाकीची घोषणा देत बाजारातून स्टेशनाकडे गेली, त्यात अरुंधतीही होती असं हेडमास्तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. मी म्हणालो, तिला समज देईन. घरी आल्यावर समज दिली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि माझी चित्रं बघत बसली. मग म्हणाली, "मामा, ठकी नुसती चालतेच आहे. निघालीय कुठं?"

"शाळेत."

"शाळा तर बंद आहे."

पोरींना अलीकडे कशाचंही उत्तर असतं. धुक्यानं कागद सादळतात, आज आठ चित्रं फुकट गेली.

१९ ऑगस्ट

समज दिल्याचा उपयोग झालेला दिसतो. अरुंधती मोर्चाबिर्चा विसरून स्वयंपाकात लक्ष घालू लागली आहे. इंग्रजी पद्धतीची जेली करणार म्हणाली. त्यासाठी जिलेटिन आणि ग्लिसरीन हवं होतं, ते मीच औषधाच्या दुकानातून आणून दिलं. अक्कानं आपलं पसरट पातेलं दिलं, जे ती मला रंग कालवायलासुद्धा देत नाही. जेली झाली, पण बिघडली म्हणे. कुणाला चाखायला मिळाली नाही.

ठकी आता सात वर्षांची झाली. वेणी हलवणं फार अवघड.

२ सप्टेंबर

अडल्यावेळी देव कसा धावून येतो बघा. अरुंधती आणि तिच्या दोन मैत्रिणी चित्रांवर शाई फिरवायला रोज दुपारी येऊ लागल्या. माळ्यावरच्या खोलीत दार लावून बसतात. उघड्या दारातून वारा येतो आणि कागद उडतात, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. कामाचा उत्साह इतका की चित्रं जेमतेम चाळीस होतात तोच शाईची दौत रिकामी. पोरींची बोटं जांभळी झालेली असतात. मी सांगितलं, मला काळी शाई हवी, जांभळी नको. अरुंधती म्हणाली, "जांभळीनं सराव करतो, मामा." ही शिस्त मला आवडली. तयार चित्रांचे गठ्ठे भोकांतून दोरा ओवून माझ्या पेटीत ठेवतात.

१४ सप्टेंबर

एक गंमत नोंदवून ठेवतो. सध्या चालीशिवाय मला दुसरं काही दिसतच नाही. कुसगावची धोंडाबाई आम्हाला दूध घालते. येताना चरवी भरलेली, म्हणून ती कमरेत वाकून चालते. जाताना चरवी रिकामी, तेव्हा ताठ चालायला हवी. पण आज जातानाही ती तितकीच वाकलेली होती! मी विचारलं, "धोंडाबाई, कंबर धरली का?"

ती म्हणाली, "व्हय मास्तर, लय धरलीया." आणि अक्काकडे बघून हसली.

अरुंधतीची चालही बदलली आहे. उजवा खांदा खाली असतो आणि पावलं लांब पडतात. वीस पावलांवरून ओळखू येते. हीच चाल मी मोठ्या ठकीला दिली. चित्र एकदम जिवंत झालं. कसं ते कळत नाही.

२५ सप्टेंबर

संध्याकाळी हवालदार हौशीराम दारावर आला. तो परंदवडीचा, माझा जुना विद्यार्थी. चौथीत असताना आंबा चांगला काढायचा. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "मास्तर, उद्या सकाळच्याला घर झाडूनबिडून घ्या. पाव्हनं यायचं हाईत."

"कोण पाहुणे?"

"पुन्याचं हाईत. सायब लोक. म्या काय सांगितलं न्हाई तुमास्नी." एवढं बोलून तो झपाझप निघून गेला.

पुण्याचे साहेब लोक! ठकीची बातमी पुण्यापर्यंत पोचली म्हणायची. होरमसजींनी कुणाला तरी सांगितलं असणार. अक्काला लाडू करायला सांगितलं तर ती पांढरीफटक पडली आणि लाडवांआधी खरंच घर झाडायला लागली. पाहुण्यांबरोबर पोरंबाळं असली तर चित्रांना हात लावतील, म्हणून पेटीला कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधली. अरुंधतीनं दोन चित्रं सुधारायची आहेत म्हणून तीनदा किल्ली मागितली. मी म्हटलं, पाहुणे गेल्यावर.

२६ सप्टेंबर, शनिवार

आज अक्षर बिघडलं आहे, तिकडे दुर्लक्ष व्हावं. म्हणजे कुणाचं? माझंच.

सकाळी आठ वाजता पाहुणे आले. पुण्याचे एक फौजदार, चार शिपाई आणि मागं हौशीराम. मी लाडवांची ताटली पुढं केली. फौजदारांनी झडतीचा कागद पुढं केला. या घरात कागदांचे गठ्ठे येतात, पोरी जमतात आणि सरकारविरुद्ध पत्रकं निघतात, अशी त्यांना खबर होती.

मी हसलो. खरोखर हसलो! म्हणालो, "अहो, ती पत्रकं नव्हेत, ती ठकी." आणि मोठ्या थाटात जानव्याची किल्ली काढून पेटी उघडली.

फौजदारांनी पहिला गठ्ठा उचलला. दहा-वीस कागद बघितले. "ही एकच मुलगी इतक्या वेळा का काढलीय?"

"एकच नाही. प्रत्येकीचा पाय वेगळ्या जागी आहे."

"का?"

त्यांना संशय आला होता, ती काही तरी सांकेतिक लिपी असावी. मी म्हटलं, दाखवतो. आणि मोठ्या ठकीचा गठ्ठा, कारण तीच माझी सगळ्यात चांगली, उचलून डाव्या हातात धरला. कागद पातळ. खिडकीतून उजेड येत होता. गठ्ठ्याच्या मध्यापासून पुढं मला कागदांतून जांभळं काही तरी दिसलं. ते चित्र नव्हतं. 'नागरिकहो' एवढंच मी वाचलं.

मी अरुंधतीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हाताची दहाही बोटं पदरात होती.

जेली, ग्लिसरीन, चरवी, उजवा खांदा. सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. मी काय विचार केला हे लिहायला हवं, कारण मी फार शूर विचार केला नाही. आधी वाटलं, माझी नोकरी गेली. मग वाटलं, ही चित्रं जाळतील. मग दिसलं, की फौजदार हात पुढं करताहेत आणि पोरगी डोळे मिटते आहे.

"असं बघतात," मी म्हणालो, आणि अंगठ्यानं कागद सोडले.

ठकी चालू लागली. ओटा उतरली, गल्लीतून निघाली, शाळेच्या फाटकाशी आली. तिथं मी अंगठा घट्ट दाबला. पुढच्याच कागदापासून जांभळं सुरू होत होतं.

फौजदारांचं तोंड उघडं राहिलं होतं. "पुन्हा दाखवा."

पुन्हा ठकी निघाली. पुन्हा फाटकाशी थांबली. शिपाई मागून टाचा उंचावून बघत होते. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा फौजदार अगदी लहान पोरासारखे म्हणाले, "पुढं काय होतं?"

"पुढचं अजून काढलेलं नाही," मी म्हणालो.

मोठेपणी मी बोललेलं हे पहिलं खोटं. आवाज इतका सरळ निघाला की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तेवढ्यात हौशीराम खाकरला. "सायब, मास्तर लय सरळ मानूस. मला त्येनीच आंबा काडाया शिकिवला." फौजदारांनी माळा बघितला, माजघर बघितलं, अक्काचं पसरट पातेलंही बघितलं. त्यात ती दडपे पोहे कालवत होती. दोन लाडू खाऊन मंडळी गेली. जाताना फौजदार म्हणाले, "सिनेमा झाला की कळवा."

२७ सप्टेंबर

आज सकाळी अरुंधतीला समोर बसवलं.

"माझ्या चित्रांत का ठेवलंस?"

"तुमच्या चित्रांवर कुणाला संशय येणार नाही असं वाटलं, मामा. तुमच्यावर तर नाहीच."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. वाईट वाटलं. सेहेचाळीस वर्षं वागून मी हे कमावलं, की कुणाला माझा संशय येत नाही.

"आणि तुझ्या आईला काय वाटेल?"

आतून अक्का म्हणाली, "आईला काय वाटायचंय? पातेलं कुणी दिलं होतं?"

म्हणजे घरात, गल्लीत, थेट कुसगावापर्यंत सर्वांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका मलाच. जिलेटिनच्या थरावर जांभळ्या शाईचा मूळ कागद दाबायचा, की तो थर अक्षरं धरून ठेवतो, आणि त्यावरून पन्नास प्रती निघतात. धोंडाबाई त्या चरवीतून गावोगाव पोचवते, अरुंधती उजव्या खांद्यावरच्या पिशवीतून. मी एक प्रत मागून घेतली आणि नीट वाचली. कुठं कोण पकडलं, कुठं गोळीबार झाला, वर्तमानपत्रात छापू न दिलेल्या बातम्या. खोटं किंवा अर्वाच्य असं त्यात काही नव्हतं. मग कागद उजेडाला धरला.

"काय झालं, मामा?"

"अक्षर फार वाईट आहे. हा 'ष' आहे की फुटलेला तांब्या? मी लिहून देतो."

अरुंधती इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुमचं अक्षर? लोणावळ्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुमच्या हातच्या. पोरसुद्धा ओळखेल!"

११ ऑक्टोबर

डाव्या हातानं लिहायची सवय करतो आहे. 'ष' फुटलेल्या तांब्यासारखा येतो.

१ नोव्हेंबर

ऊन पडलं! होरमसजींच्या व्हरांड्यात पाटावर फळी, वर तिवईला उलटा टांगलेला कॅमेरा. मी कागद लावतो, होरमसजी कळ दाबतात, अरुंधती आकडा म्हणते. चुकलं तर दुसरं रीळ नाही, म्हणून तिघंही श्वास धरून असतो. सहा दिवस हेच चाललं आहे. मध्येच ढग आला की होरमसजी आकाशाला गुजरातीतून बोलतात.

शाळेच्या फाटकापुढचं चित्र अखेर काढलं. फाटक बंद आहे. ठकी थोडी थांबते, आणि फाटकावरून पुढं घाटाच्या रस्त्याला लागते. कडेच्या गल्ल्यांतून एकेक जण येऊन तिच्याबरोबर चालू लागतो. शेवटी पडदाभर पाय. होरमसजींनी ते कागद एकेक करून उन्हात धरले. त्यांच्या दिवाणखान्यात विलायतेच्या बादशहांची मोठी तसबीर आहे, म्हणून मला जरा धाकधूक होती.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्या शेवटच्या लोकांमदी एक म्हातारा पारशी काढ ना. टोपीवाला. मागं राहिला तरी चालेल."

काढला.

२४ नोव्हेंबर

काल तळेगाव स्टेशनवर अरुंधतीला पकडलं. चरवीत ऐंशी प्रती सापडल्या. धोंडाबाईला ताप होता म्हणून चरवी ही घेऊन गेली होती. कुणी दिल्या, कुणी लिहिल्या, तिनं काही सांगितलं नाही. डाव्या हाताचं अक्षर कुणाला ओळखू आलं नाही. मी आपणहून जाऊन सांगावं असं मनात आलं. अक्का म्हणाली, "तू गेलास तर तिनं गप्प राहून काय मिळवलं?" मी बसून राहिलो. बरोबर केलं की भ्यालो, हे आज लिहिता येत नाही.

धोंडाबाई तापातच आली आणि ओट्यावर बसून रडली. "माज्या जागी ग्येली वं पोर." अक्कानं तिला चहा दिला आणि शेजारी बसली.

५ डिसेंबर

तीन महिन्यांची शिक्षा, येरवड्याला. रीळ मुंबईला धुवायला गेलं आहे. ठकी आणि अरुंधती दोघींची वाट बघणं चाललं आहे.

२९ डिसेंबर

अरुंधतीचं पत्र. अर्ध्याहून अधिक ओळींवर काट मारलेली, तरी उरलेलं आनंदी. बराकीतल्या बायकांना ती कोळशानं फरशीवर चित्र काढायला शिकवते. 'इथं सगळ्यांना आंबाच काढायचा असतो, मामा. माझ्या भाकरीत खडे असतात, पण दात पक्के आहेत. आईला सांगा, मी जाड झाले.' अक्कानं ते चारदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "खोटं बोलते. जाड कसली होतेय." पण दिवसभर गुणगुणत होती.

१७ जानेवारी १९४३, रविवार

आज ठकी पडद्यावर आली.

होरमसजींच्या दिवाणखान्यात चादर लावायला सपाट भिंत एकच, बादशहांच्या तसबिरीची. म्हणून तसबिरीवरच चादर आली. पुढं नातवंडं, मागं अक्का, धोंडाबाई, शेवटी दाराशी साध्या कपड्यांत हौशीराम. रीळ जुनं असल्यामुळे कडा धुरकट आल्या होत्या. पण ठकी रांगली. तोंडावर आपटली, उठली, चालू लागली. पोरं टाळ्या पिटत होती. वेणी उडवत ती शाळेला गेली. मोठी झाली आणि लांब पावलं टाकत, उजवा खांदा जरा खाली टाकून, ओटा उतरली, तेव्हा धोंडाबाई ओरडली, "आवं, ही तर आपली अरू!"

फाटक आलं. ती पुढं गेली. लोक येत गेले. मागच्या टोपीवाल्याला बघून नातवंडं "दादाजी! दादाजी!" करून नाचली. चार मिनिटं संपली तरी कुणी उठेना.

पोरांनी पुन्हा लावायचा हट्ट धरला. होरमसजी म्हणाले, यंत्र उलटं फिरवून रीळ परत गुंडाळते, दिवा चालूच ठेवते, गंमत बघा. आणि ठकी मागं मागं चालू लागली. लोक एकेक करून गल्ल्यांत परतले. ती फाटकावरून मागं आली, ओटा पाठमोरी चढली, लहान झाली, आणखी लहान झाली. सगळे पोट धरून हसत होते. मीसुद्धा.

अक्का हसत नव्हती. ठकी रांगत रांगत मागं आली आणि जमिनीवर बसून राहिली. होरमसजींनी यंत्र थांबवलं. चादरीवर ते वर्षाचं पोर तसंच बसलेलं. अक्का दोन पावलं पुढं गेली आणि त्या उजेडाला तिनं हात लावला.

"राहू द्यावी वाटते अशीच," ती हळूच म्हणाली. मग तिनं हात काढला, पदर सारखा केला आणि होरमसजींकडे वळून म्हणाली,

"नको. सुलटं लावा. मोठी होऊ दे तिला."